टोचणारं घोंगडं

म्हाळूआबा गेल्याचं मला बारामतीच्या गुरुवारच्या बाजारात कळलं, गवारीच्या ढिगापाशी. सांगवीच्या ठकूबाईंकडून मी सात-आठ वर्षं भाजी घेतो. घासाघीस करत नाही, कारण त्या एक पैसा सोडत नाहीत. त्या दिवशी त्यांनी तागडी उचलली, एका पारड्यात गवार टाकली आणि दुसऱ्या पारड्यात वजन ठेवायचंच विसरून गेल्या. मी म्हटलं, "अहो, वजन?" तशी त्यांनी तागडी खाली ठेवली. "मास्तर, आबा गेलं. काल सांजच्याला. इंदापूरच्या एस.टी.वाल्यानं सांगितलं." मग त्या उठल्या आणि ज्या घोंगड्यावर बसून त्या भाजी विकतात, त्यावर त्यांनी मला बसवलं. धोतर-टोपीतला शाळामास्तर भर बाजारात भाजीवालीच्या जागेवर बसलेला पाहून येणारे-जाणारे वळून बघत होते. बघोत बापडे. बसल्याबरोबर ते घोंगडं मांडीला टोचलं, नेहमी टोचतं तसंच, आणि मला एकदम रडू आलं... त्या घोंगड्यात शेकडो गाठी आहेत. त्या तिथे का आहेत हे सांगायचं तर म्हाळूआबांची सगळी हकीकत सांगावी लागते. महिना होऊन गेला, अजून कुणी ती लिहिलेली दिसत नाही. म्हणून मीच लिहायला बसलो आहे.

आबा इंदापूरला घोंगडी विणायचे. गल्लीच्या टोकाला त्यांची एक लांबट खोली होती, अर्ध्या खोलीत माग आणि उरलेल्या अर्ध्यात संसार. सुताला लावायची चिंचोक्याची खळ शिजत असली की तिचा वास गल्लीच्या तोंडापासूनच यायचा. अंगाने किडकिडीत, डोक्याला कायम तेच मळकं मुंडासं, आणि गळा असा की आबांनी भजनात तोंड उघडलं की शेजारचा माणूस त्यांना कोपराने ढोसायचा. त्यांना ते मान्य होतं. "मला द्येवानं गळा दिला न्हाय, पन कान दोन दिल्यात," असं ते म्हणायचे. लोकर घ्यायला आणि बायकांना कातायला द्यायला ते बारामती-इंदापूरची गावं पायी पालथी घालत, आणि जाईल तिथे गाणं ऐकत. कुठल्या वस्तीवर कोण ढोल वाजवतं, कुठल्या गावात कुणाचा अभंग ऐकावा, ही सगळी माहिती त्यांच्याकडे असायची. त्यात सिनेमाची गाणी नाहीत, तमाशाचे फड नाहीत. कुणाच्या पदरी नसलेले, आपापल्या घरात आणि शेतात गाणारे लोक ते हुडकत फिरायचे.

आमची ओळख भांडणातून झाली आणि भांडणात चूक माझी होती, हे आता कबूल करायला हरकत नाही. इंदापूरला दर चैत्रात गाण्याचा एक मेळावा भरायचा. गावचे एक मोठे बागायतदार उत्तम गाणाऱ्याला चांदीचं कडं द्यायचे. निकाल द्यायला आम्ही तिघे परीक्षक होतो: एक वकील, एक निवृत्त मामलेदार आणि मी. तिघांत गाणं शिकलेला मी एकटाच. मिरजेला चार वर्षं बुवांच्या घरी पाणी भरून शिकलो होतो, आणि त्याची घमेंड माझ्या नाकाच्या शेंड्यावर असायची. आता खरं सांगतो. निकाल बागायतदारांच्या घरी दुपारच्या पंगतीतच लागायचा. श्रीखंड-पुरी वाढता वाढता ते म्हणायचे, "आपल्या मळ्यातल्या भजनी मंडळानं यंदा फार कष्ट घेतलेत हं." मामलेदार मान डोलवायचे, वकील डोलवायचे, आणि पुरीचा घास तोंडात असल्यामुळे मीही डोलवायचो. त्या वर्षी बिरूबा नावाचे एक म्हातारे मेंढपाळ ढोल घेऊन उभे राहिले होते. त्यांचा आवाज अख्ख्या मैदानाने श्वास रोखून ऐकला. कडं अर्थातच मळ्यातल्या मंडळाला गेलं. टाळ्या संपत होत्या तेवढ्यात खालून एक काटकुळा माणूस उठला आणि थेट मला म्हणाला, "मास्तर, तुमी गानं ऐकलं का?"

"म्हणजे काय? ऐकूनच निकाल दिला."

"मग आमी हितं बसून काय केलं?"

लोक हसले. मी काहीतरी शास्त्राबिस्त्राचं बोललो, सूर, ताल, बैठक, उच्चार... काय बोललो ते मलाही नीट ऐकू आलं नाही. घरी येताना एस.टी.त तो प्रश्न माझ्या शेजारी बसून होता. उत्तर सापडलं नाही म्हणून मी त्या माणसावर चिडलो.

त्यानंतर देशात पहिली निवडणूक झाली. त्या वेळी प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी असायची आणि तिच्यावर त्याचं चिन्ह. ज्याला अक्षरओळख नाही तोही पडद्याआड जाऊन आपली चिठ्ठी हव्या त्या पेटीत टाकून यायचा. आबा मत देऊन आले आणि तिसऱ्या दिवशी बारामतीला माझ्या शाळेच्या दारात येऊन उभे राहिले. खांद्यावर पांढऱ्या लोकरीच्या सुताची लड होती. "मास्तर, राज्य कुनी करायचं ते आमाला इचारत्यात. मग गानं कुनाचं ग्वाड ते का इचारू न्हाई?" त्यांची युक्ती अशी होती. गाणाऱ्या प्रत्येकाच्या नावाची एक काठी रोवायची आणि तिच्याशी त्याची खूण ठेवायची. पुढे घोंगड्याचा आडपडदा. ऐकणाऱ्याला हातभर सुताचा एक धागा द्यायचा. त्याने आत जाऊन आवडेल त्या काठीला तो बांधायचा. ज्याच्या काठीला जास्त धागे त्याचा मान. "आनि बक्षीस?" मी नाक मुरडून विचारलं. आबा म्हणाले, "बक्षीस आनि कशाला आनायचं? त्याच धाग्यांचं घोंगडं विनून द्यायचं. हरल्याल्यांचं सूत बी त्यातच." मला ते ऐकून हसू आलं, पण कुतूहलही वाटलं. नियमांचा कागद त्यांनी माझ्याकडून लिहून घेतला, कारण त्यांना लिहिता येत नव्हतं. मी मोडी-बाळबोध दोन्ही जाणणारा विद्वान माणूस, झोकात लिहून दिलं: "प्रत्येक घरास आबांच्या हातून एक धागा मिळेल."

घरास! मुंजीचं आमंत्रण घरटी एक, देवळाची वर्गणी घरटी एक, जेवणाची अक्षत घरटी एक. हाताला वळणच ते. मला खटकलं नाही, आबांना खटकलं नाही, गावात कुणालाच खटकलं नाही. त्या चैत्रात घरटी एक कर्ता पुरुष पुढे आला, धागा घेतला आणि आत जाऊन बांधून आला. यातले निम्मे कर्ते पुरुष बागायतदारांच्या मळ्यात कामाला, उरलेल्यांपैकी अर्ध्यांचं पाण्याच्या पाळीवरून त्यांच्याशी रोजचं काम. पडदा असला तरी त्यांचे पाय आपोआप ठरल्या काठीकडे वळले. पुन्हा मळ्यातलं मंडळ पहिलं आलं, आणि तेही दणदणीत. आबांनी शब्दाप्रमाणे घोंगडं विणलं, स्वतः खांद्यावर टाकून नेऊन दिलं, आणि घरी येऊन मागावर डोकं टेकून बसले.

मी तेव्हा मुद्दाम त्यांच्या घरी गेलो होतो. 'बघा, मी सांगत होतो' असं म्हणायला गेलो होतो. इतका कोता मी होतो. आबांच्या पत्नी सोनाक्का चुलीपाशी खळ ढवळत होत्या. त्यांनी मला चहा दिला आणि आबांकडे न बघता म्हणाल्या, "सरकारनं मला मत दिलं. तुमी न्हाय दिलं."

आबांनी मान वर केली. "घरात एक सूत आलं की..."

"त्ये सूत कातलं कुनी?" आक्का म्हणाल्या. "तुमच्या मागावर चढतं त्यातला एक तरी धागा पुरुषाच्या हातचा हाय का? आमी कातायचं, आनि बांधायची पाळी आली की घरात बसायचं. गानं काय भिताडाआड ऐकू येत न्हाय व्हय आमाला?"

मग आबा मला म्हणाले, "मास्तर, कागद काडा." मी 'घरास' खोडलं आणि 'माणशी एक' लिहिलं. आक्का चुलीपासून उठून आल्या, त्या खोडाखोडीवर बोट ठेवून म्हणाल्या, "बायामानसं धरून, असं लिवा." मी तसं लिहिलं.

ही बातमी फुटली आणि गावात चर्चेला ऊत आला. बायका चारचौघांत पडद्याआड जाणार, धागे बांधणार! मैदान बागायतदारांचं होतं. त्यांनी ते द्यायला नकार दिला. वकीलसाहेब मध्यस्थीला आले आणि गोड बोलून आबांना बांधून गेले. ठरलं असं की यंदाचं वर्ष आबांना द्यायचं. पण काही गोंधळ झाला, नियम मोडला, तर हा खेळ बंद आणि पुढल्या चैत्रापासून पुन्हा परीक्षक आणि पुन्हा कडं. आबांनी चावडीवर सगळ्यांदेखत त्याला मान हलवली. मला हे कळलं तेव्हा मी त्यांच्यावर ओरडलो. ते म्हणाले, "मास्तर, आता वाकून चालायचं न्हाय. लोकांस्नी कळतं का न्हाय, ह्ये एकदा दिसू द्या." त्यांच्या हयातीत त्यांनी लावलेली ही एकच पैज.

मेळावा मग दोन तालुक्यांच्या शिवेवर, आबांच्या साडूच्या कापणी झालेल्या रानात भरवायचं ठरलं. शेजारच्या तुकड्यात खतासाठी बिरूबांची मेंढरं बसवली होती. वेळ दुपारची ठेवली, कारण बायकांना धारांच्या वेळेला घरी पोचायचं असतं. ही सूचनाही आक्कांची. आणि त्या वर्षी आबांनी एक नवीन नाव कागदावर घालायला लावलं: ठकूबाई, सांगवी. मी म्हटलं, "ती भाजीवाली? ती गाते?" वर्षभर मी त्यांच्याकडून वांगी घेत होतो आणि मला पत्ता नव्हता. आबा एकदा लोकर घेऊन सांगवीच्या देवळात मुक्कामाला होते. पहाटे भिंतीपलीकडच्या घरात जातं सुरू झालं आणि त्यावर ओवी आली. आबा सांगायचे, "मुंडासं बांदायला घेतलं हुतं, ते हातातच राह्यलं. दिस कासराभर वर आला तवा ध्यानात आलं." आबांनी त्या घरी जाऊन गाल का म्हणून विचारलं तर ठकूबाई साफ नाही म्हणाल्या. "पुरुषांच्या म्होरं तोंड करून कोन गानार?" आबांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "मग पाठ करून गा. मी बी पाठीमागूनच ऐकलंय."

तो दिवस मी कधी विसरणार नाही. वडगाव निंबाळकरच्या, काटेवाडीच्या, सांगवीच्या गाड्या सकाळपासून येत होत्या आणि गाड्यांतून उतरत होत्या त्या बायका. आबांसाठी सूत कातणाऱ्या झाडून सगळ्या आल्या होत्या, सासवा आल्या होत्या, लेकुरवाळ्या आल्या होत्या. कित्येकींच्या कमरेला चाती खोचलेली, म्हणजे लोकरीचं सूत कातायची हातातली फिरकी. या बायका चालता-बोलता, भांडतानाही कातत असतात. वकीलसाहेब पुढे खुर्ची टाकून बसले होते. मला धागे मोजायचं काम होतं, पण सवयीने मी माझी जुनी गुणांची वही बरोबर नेली होती. मळ्यातलं मंडळ झालं, छान झालं. बिरूबांचा ढोल झाला. त्यांच्या काठीला खूण म्हणून लोकरीचा पुंजका होता. मग दोघा गड्यांनी गाडीतून एक जातं उतरवून चौथऱ्यावर ठेवलं. ठकूबाई आल्या, डोक्यावरून पदर घट्ट ओढून लोकांकडे पाठ करून बसल्या आणि खरोखरच जोंधळे दळायला लागल्या. मी वहीत लिहिलं: "बैठक: श्रोत्यांकडे पाठ. दोष." पुढे 'ताल' असा रकाना होता. तेवढ्यात त्यांनी ओवी घेतली.

"पाठ फिरवून बसले, तोंड दावू मी कुनाला,
जात्या, तूच रं सांग माझ्या मनीचं जनाला..."

आवाज मोठा नव्हता, बारीक नव्हता, कमावलेला तर नव्हताच. जात्याच्या घरघरीवर तो बसला होता, आणि जिथे जातं जड व्हायचं तिथे सूरही जड व्हायचा. माझ्या मागे बायकांच्या घोळक्यात एक म्हातारी पुटपुटली, "माझ्याच मनीचं सांगतीया." बस, एवढंच. माझा तालाचा रकाना कोरा राहिला, आणि मिरजेचे बुवा स्वर्गातून बघत असतील तर बघोत, पण मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं की मी आजवर गाणाऱ्यांची तोंडंच बघत आलो.

मग रांग लागली. आबा पडद्याच्या तोंडाशी बसून एकेकाच्या हातात पांढरा धागा ठेवत होते. एक धागा त्यांनी सुरुवातीलाच स्वतःसाठी कानावर अडकवून ठेवला होता, ते मी पाहिलं होतं. पुरुषांची रांग संपली, बायकांची सुरू झाली आणि संपेचना. आबांनी अंदाजाने सूत आणलं होतं. पण इतक्या बाया येतील हे त्यांच्याच काय, कुणाच्याच स्वप्नात नव्हतं. अर्ध्या रांगेतच सुताची शेवटची लड संपली. निदान शंभर-सव्वाशे बाया उन्हात उभ्या होत्या. वकीलसाहेब खुर्चीवरून उठले, घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "सूत संपलं, मतदान संपलं. मास्तर, मोजा."

मोजावं तर या बायका पुन्हा भिंतीआड. न मोजावं तर गोंधळ झाला, नियम मोडला, आणि चावडीवरच्या शब्दाप्रमाणे सगळं बंद. तेवढ्यात शेजारच्या तुकड्यातून मेंढ्या ओरडल्यासारखं झालं. बघतो तर बिरूबांनी ढोल खाली ठेवला होता, कात्री काढली होती, आणि एक काळी मेंढी मांडीखाली दाबून ते लोकर कातरत होते. लोकर तशीच मूठमूठ रांगेकडे येऊ लागली. सोनाक्कांनी कमरेची चाती काढली. त्यांचं बघून दुसरीने, दुसरीचं बघून दहावीने. ज्यांच्याकडे चाती नव्हती त्यांनी पोटरीवर वळायला घेतलं. न धुतलेली, तेलकट, काटेकुटे अडकलेली ती लोकर. तिचे हातभर लांबीचे काळे धागे त्या बाया उभ्या-उभ्या कातत होत्या आणि हसत होत्या. त्या रानात तेवढा आनंद मी ना आधी पाहिला, ना नंतर.

वकीलसाहेब म्हणाले, "हे चालणार नाही. ठरलेलं सूत पांढरं आहे." सगळे माझ्याकडे बघायला लागले. आबाही. "मास्तर, नियम तुमी लिवलाय," ते हळू आवाजात म्हणाले. "काय लिवलंय ते वाचा. जे असंल ते मला कबूल." मी खिशातून कागद काढला. मोठ्याने वाचलं: "माणशी एक, बायामाणसं धरून, आबांच्या हातून धागा मिळेल." पांढरा हा शब्द मी लिहिलेलाच नव्हता. मी म्हणालो, "आबा, प्रत्येक धागा आधी तुम्ही हातात घ्या आणि मग द्या. रंगाबद्दल कागदात काही नाही." वकीलसाहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं की त्या नजरेने माझी श्रीखंड-पुरी कायमची बंद झाली. झाली तर झाली. मी वही मिटली आणि रांगेत उभा राहिलो. माझ्या वाट्याला काळा धागा आला. तो मी कुठे बांधला ते सांगायला नकोच.

मोजायला बसलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. नुसते पांढरे धागे पाहिले तर बिरूबा पुढे होते. काळे धागे मोजले आणि ठकूबाईंची काठी, जिला खूण म्हणून जात्याचा एक जुना लाकडी खुंटा लावला होता, एकेचाळीस गाठींनी वर गेला. मी मोठ्याने आकडे सांगितले. मग बिरूबा, हरलेले बिरूबा, पुढे आले आणि ढोलावर अशी थाप मारली की गाड्यांचे बैल उधळायचे राहिले. "मला दुसऱ्या कुनी न्हाय हरवलं," ते म्हणाले, "माझ्या मेंढीनं हरवलं." सारं रान हसलं. लोकांनी ठकूबाईंच्या नावाचा एकच गजर केला. त्या अजून जात्यापाशी तशाच बसल्या होत्या, पाठ करून. सोनाक्का गेल्या, त्यांच्या खांद्याला धरलं आणि त्यांना लोकांकडे वळवलं. ठकूबाईंच्या तोंडावर, पापण्यांवर जोंधळ्याचं पीठ बसलं होतं. त्यांनी एकदा सगळ्या गर्दीवरून नजर फिरवली आणि मग पदर थोडा मागे घेतला.

घोंगडं विणायला आबांना दीड महिना लागला. एरवी विणकर गाठ आली की ती दाबून, लपवून टाकतो. लोकांनी बांधलेल्या त्या गाठी आबांनी एकेक सोडवल्या, धाग्याला धागा जोडून नव्याने आवळल्या, आणि मुद्दाम वर ठेवल्या. मधे काळ्या, खरखरीत सुताचा रुंद पट्टा आला. आम्ही ते सांगवीला घेऊन गेलो तेव्हा ठकूबाईंनी त्यावरून तळवा फिरवला आणि म्हणाल्या, "आबा, टोचतंय की वो." आबा म्हणाले, "टोचंल. टोचू द्या. मानसं हायती ती." दुसऱ्या गुरुवारी बघतो तर त्या ते घोंगडं बाजारात अंथरून वर बसलेल्या. मी म्हटलं, असली वस्तू पेटीत ठेवायची असते. त्या म्हणाल्या, "पेटीत कोन ऐकतंय?"

पुढचा इतिहास आता सगळ्यांना ठाऊक आहे. मेळावा दरसाल त्याच रानात भरतो. कडं परत आलं नाही, परीक्षक परत आले नाहीत. दर वर्षी नवा गाणारा, नवं घोंगडं. एका वर्षी तर भांडी कल्हई करणारा एक फिरता माणूस जिंकला आणि घोंगडं खांद्यावर टाकून कुठे गेला कुणास ठाऊक. चौथ्या वर्षी बागायतदार स्वतः आले. त्यांच्यासाठी कुणीतरी खुर्ची आणायला धावलं, तर त्यांनी हातानेच नको म्हणून सांगितलं, ढेकळांवर बसले, शेवटी रांगेत उभे राहून धागा घेतला आणि आत गेले. आबांनी त्यांना धागा दिला तो इतरांइतकाच, हातभर. नंतर मला म्हणाले, "मास्तर, कापताना बोटभर जास्त गेला असता तर आज राती जेवन गोड लागलं नसतं." मी प्रत्येक वर्षी त्यांना विचारायचो की तुमचा धागा कुणाला? ते हसून सांगायचे, "घोंगड्यात हुडका." मी हुडकायचो. मूर्खासारखा गाठी चाचपत बसायचो.

शेवटची भेट माघात झाली. खोकल्याने आबांची छाती पार पोखरली होती. मागावर बसवत नव्हतं, म्हणून ते मागाच्या कडेला अंथरुणावर पडून होते. मी म्हटलं, यंदाचा मेळावा पुढे ढकलू, तुम्ही बरे झालात की घेऊ. ते माझ्यावर चिडले. पहिल्या भांडणानंतर तेव्हाच काय ते चिडले असतील. "गानं माझ्यासाटी हाय व्हय? मी असो नसो, चैत्रात रान मोकळं हुतंया." मग दमले, डोळे मिटून पडले आणि थोड्या वेळाने विचारलं, "कागद जपून ठिवलाय न्हवं?" ठेवलाय म्हटलं. त्यावर त्यांनी नुसती मान हलवली...

दहाव्याला मी इंदापूरला गेलो. खोली तीच, माग रिकामा. भिंतीच्या खुंटीवर पांढऱ्या सुताचा मोठा भारा टांगलेला दिसला. जवळ जाऊन पाहिलं तर हातभर लांबीचे धागे, सगळे सारखे, शेकड्याने कापून ठेवलेले. आक्का म्हणाल्या, "पडल्या पडल्या कापत हुते. मी आडवलं तर म्हनले, यंदा कमी पडू द्यायचं न्हाय." मग मी इतक्या वर्षांचा प्रश्न त्यांना विचारला. आबांचा स्वतःचा धागा, तो कानावर अडकवलेला, तो ते कुणाला बांधायचे? आक्कांनी माझ्याकडे जरा नवलानेच बघितलं. "त्यांनी कवाच न्हाय बांदला. सूत सरलं त्या साली रांगंतल्या बाईला दिला, लडीतला शेवटचा म्हनून. तवापासनं दर साली रांगंतल्या शेवटच्या मानसाला त्योच द्यायचे. वाटनाऱ्यानं आपलं राखू न्हाई, म्हनायचे."

मी कागद काढला. घड्यांवर तो फाटायला आलाय. 'घरास'वरची माझी जुनी खोड तशीच होती. त्याखाली 'आबांच्या हातून' असं होतं. त्या शब्दांवर रेघ मारायला माझा हात उचलेना; आक्कांनीच दौत पुढे सरकवली. मी 'सोनाक्कांच्या हातून' असं लिहिलं आणि त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं, पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, "मग यंदा मी बी एक धागा कानावर ठिवीन." परवाच्या चैत्रात त्यांनी तो ठेवला. रांगेतल्या शेवटच्या माणसाला दिला. मेळाव्याला गर्दी इतकी होती की गाड्या पार कालव्यापर्यंत सोडलेल्या होत्या, आणि सूत कमी पडलं नाही.

काल पुन्हा गुरुवार होता. ठकूबाईंनी गवार जोखली, या वेळी वजन ठेवून, आणि सरकून मला जागा दिली. मी बसलो. आक्कांनी सांगितलेलं सगळं त्यांना सांगितलं. म्हटलं, "म्हणजे या घोंगड्यात आबांची गाठ नाहीच, ठकूबाई. उगाच हुडकत होतो." त्यांनी एका गिऱ्हाइकाला कोथिंबीर दिली, पैसे कनवटीला लावले. मग घोंगड्याचा एक कोपरा उचलून माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "मास्तर, लोकांनी काठीला बांदलेलं सूत सोडवून, ह्या समद्या गाठी फिरून मारल्या कुनी?"

मी त्या गाठींवरून अंगठा फिरवला. पांढऱ्या, काळ्या, पांढऱ्या, काळ्या... एकूण एक आबांच्या हातची होती.

"टोचतंय का?" त्यांनी विचारलं.

"टोचतंय," मी म्हणालो, आणि तसाच बसून राहिलो.